मोफत पॅटर्नवरून कपडा शिवताना साइझ कशी ठरवावी

आपल्याकडे शिंप्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना सोबत एक मापाचा ब्लाउज देण्याची रीत आहे. शिंपी तो टेबलावर पसरतो, काखेपासून काखेपर्यंत टेप लावतो, पाठीची उंची आणि बाहीचा घेर बघतो आणि वहीत चार आकडे लिहून घेतो. या रीतीमुळे माप म्हणजे शिवून झालेल्या कपड्याचे माप, अशी समजूत आपल्या मनात नकळत पक्की झालेली असते. इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या पॅटर्नचा, म्हणजे कपड्याचे तुकडे कापण्यासाठीच्या कागदी नमुन्याचा, तक्ता मात्र उलट बाजूने तयार केलेला असतो. त्यातील छाती, कंबर आणि सीट (नितंबांचा घेर) यांचे आकडे घालणाऱ्याच्या अंगाचे असतात, आणि कपडा अंगावर किती सैल बसावा याचा हिशेब पॅटर्न आखणाऱ्याने कागदावर आधीच करून ठेवलेला असतो. साइझ चुकण्याची बहुतेक प्रकरणे या एका गैरसमजातून निघतात, असे माझे मत आहे. म्हणून पुढच्या सगळ्या हिशेबात अंगाचे माप आणि कपड्याचे माप हे दोन रकाने कटाक्षाने वेगळे ठेवावेत.

मी स्वतः पहिला मोफत पॅटर्न उतरवून घेतला तेव्हा आवडत्या कुर्त्याला टेप लावली. कुर्ता छातीत ४१ इंच भरला, तक्त्यात ४० आणि ४२ अशा दोन ओळी होत्या, आणि घट्ट व्हायला नको म्हणून मी ४२ची ओळ धरली. माझी छाती ३७ इंच आहे. पॅटर्नमध्ये ४ इंचांचा लूज, म्हणजे अंगाच्या मापावर दिलेला सैलपणा, मुळातच धरलेला होता, त्यामुळे शिवून झालेला कुर्ता ४६ इंच भरला आणि खांद्याची शिलाई दंडावर उतरली. बाजूच्या शिलाया आत घेऊन छाती कमी करता आली, पण खांदा आणि मुंढा (बाही जिथे जोडतात ती काखेची गोलाई) काही केल्या जागेवर आले नाहीत. रुंदी नंतर कमी करता येते. खांदा आणि मुंढा मात्र कापतानाच ठरतात, ही गोष्ट त्या कुर्त्याने शिकवली आणि साइझ निवडताना आजही मी तिच्यापासूनच सुरुवात करते.

साइझच्या आकड्याला काय अर्थ असतो

अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये वेगवेगळ्या साइझमध्ये कापलेले कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. त्याआधी बाजारात मिळणारे पॅटर्न बहुधा एकाच मापाचे असत आणि ते आपल्या अंगाला लहानमोठे करून घेण्याचे काम शिवणाऱ्यावरच पडे. पुढे साइझचे तक्ते कुठल्या ना कुठल्या पाहणीवर बेतले जाऊ लागले. अमेरिकी सरकारच्या कृषी खात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेऊन १९४१ मध्ये अहवाल काढला, त्यावरून १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांसाठी एक ऐच्छिक मानक ठरले आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतले गेले. त्या अहवालासाठी फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे हिशेबात धरली होती, हे लक्षात घेतले तर त्यातून निघालेल्या तक्त्यात सातारा किंवा नागपूरच्या बाईचा बांधा तंतोतंत सापडण्याची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

तयार कपड्यांच्या कंपन्यांनी दरम्यानच्या काळात आपले आकडे हळूहळू सैल केले, कारण लहान आकड्याचा कपडा अंगात आला की गिऱ्हाईक खूश होते. पॅटर्न काढणाऱ्या जुन्या कंपन्यांचे आकडे मात्र बहुतांशी होते तिथेच राहिले. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये साइझ १४ म्हणजे छाती ३६, कंबर २८ आणि सीट ३८ इंच. जर्मन पद्धतीत छातीचे सेंटिमीटर निम्मे करून त्यातून ६ वजा करतात, म्हणून ९२ सेंटिमीटर छातीला साइझ ४० येते. फ्रेंच पद्धतीत तीच ४२ होते. म्हणजे जवळजवळ एकाच मापाची बाई न्यूयॉर्कच्या पॅटर्नमध्ये १४, म्युनिकच्या पॅटर्नमध्ये ४० आणि पॅरिसच्या पॅटर्नमध्ये ४२ ठरते. त्यात आपल्याकडच्या तयार कुर्त्यांवरील ३८ किंवा ४० हा आकडा पुष्कळदा कपड्याच्या छातीचा असतो, अंगाच्या नव्हे. तेव्हा दुकानात आपण मीडियम घेतो की लार्ज, ही माहिती पॅटर्न निवडताना पूर्णपणे बाजूला ठेवावी. प्रत्येक पॅटर्नसोबत त्याचा स्वतःचा तक्ता येतो आणि त्या पॅटर्नपुरता तोच खरा.

भारतीय बांध्यासाठी स्वतंत्र तक्ता असावा म्हणून निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्थेने केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळावर इंडियासाइझ ही पाहणी हाती घेतली. तिचे उद्दिष्ट देशाच्या निरनिराळ्या भागांतील २५ हजारांहून अधिक लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे होते. घरी शिवणाऱ्यांना मिळणारे मोफत पॅटर्न मात्र अजूनही बहुतांशी परदेशी तक्त्यांवरच आखलेले असतात, म्हणून आपले माप नीट घेण्याला पर्याय नाही.

अंगाचे माप

माप घेण्याआधी टेपच तपासावी. कापडी टेप वर्षानुवर्षे वापरून ताणली जाते. ती स्टीलच्या फूटपट्टीवर ठेवून १२ इंचांशी जुळते का ते पाहावे आणि जुळत नसेल तर टाकून द्यावी. माप घेताना जो कपडा शिवायचा आहे त्याच्या आत जी ब्रा घालणार तीच घालावी, कारण पॅड असलेल्या आणि साध्या ब्रामध्ये छातीचे माप सहज एक इंचाने बदलते. माप शक्यतो दुसऱ्या कोणाकडून घ्यावे. स्वतःच घ्यायचे असेल तर आरशासमोर उभे राहून टेप पाठीमागे खाली घसरलेली नाही ना, याची खात्री करावी. टेप जमिनीला समांतर असावी आणि तिच्याखाली फक्त एक बोट जावे. पोट आत ओढून घेतलेले माप कोणाच्याच उपयोगाचे नसते.

छातीचे माप सर्वांत उंच भागावरून घ्यावे. कंबर म्हणजे सलवारीची नाडी जिथे बांधतो ती जागा नव्हे. तक्त्यातील कंबर बहुधा धडाच्या सर्वांत अरुंद जागी, बेंबीच्या थोडी वर असते. बाजूला वाकल्यावर जिथे घडी पडते ती हीच जागा. तिथे एक नाडी बांधून ठेवली तर पाठीची उंची मोजायलाही सोपे जाते. सीट मोजताना दोन्ही पाय जुळवून उभे राहावे आणि मागचा सर्वांत फुगीर भाग शोधावा. पुष्कळ जणी हे माप फार वर घेतात आणि मग कुर्त्याचे साइड कट चालताना उघडे पडतात.

या तिन्हींखेरीज आणखी तीन मापे वहीत असावीत. पहिले वरच्या छातीचे, म्हणजे टेप काखेखालून काढून पुढे छातीच्या उभाराच्या वरून घेतलेले. दुसरे पाठीच्या उंचीचे, म्हणजे मान पुढे झुकवल्यावर जे हाड वर येते तिथपासून बांधलेल्या नाडीपर्यंतचे. तिसरे दंडघेराचे. तक्त्यात ही तिन्ही बहुधा नसतात, पण कपडा बिघडतो तो पुष्कळदा याच तीन जागी.

सगळी मापे इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये दोन्हीकडे लिहून ठेवावीत. युरोपीय आणि ऑस्ट्रेलियन पॅटर्न सेंटिमीटरमध्ये असतात, अमेरिकी इंचांत, आणि घाईघाईत केलेल्या रूपांतरात एखादा सेंटिमीटर हमखास इकडेतिकडे होतो.

छाती की वरची छाती

एका साइझमधून दुसऱ्या साइझमध्ये जाताना पॅटर्नची फक्त रुंदी वाढत नाही. खांदा, गळा, मुंढ्याची खोली आणि पाठीची रुंदी ही सर्व एकदम वाढतात, कारण साइझ वाढली म्हणजे हाडांचा सांगाडाही मोठा झाला असे पॅटर्न गृहीत धरतो. प्रत्यक्षात सांगाडा लहान आणि छाती भरलेली, असा बांधा अनेकींचा असतो. अशा वेळी भरल्या छातीवरून साइझ निवडली तर छातीत कपडा बसतो, पण गळा उघडा पडतो, खांदे उतरतात आणि काखेत कापड गोळा होते.

बहुतेक पाश्चात्त्य पॅटर्न बी कपासाठी आखलेले असतात, म्हणजे वरची छाती आणि पूर्ण छाती यांत सुमारे २ इंचांचा फरक धरलेला असतो. आपला फरक तेवढाच असेल तर पूर्ण छातीचे माप तक्त्यात शोधावे आणि पुढे जावे. फरक जास्त असेल तर वरच्या छातीत २ इंच मिळवून येणारा आकडा तक्त्यातील छातीच्या रकान्यात शोधावा. उदाहरणार्थ, वरची छाती ३४ आणि पूर्ण छाती ३८ असेल तर ३४ अधिक २ म्हणजे ३६ छातीची साइझ निवडावी. खांदा, गळा आणि पाठ तिथे बरोबर बसतील. कमी पडणारे २ इंच फक्त पुढच्या भागात, छातीच्या जागी वाढवावे लागतील. पॅटर्न निराळ्या कपासाठी आखलेला असल्याचे त्यात सांगितले असेल तर हा दोनाचा आकडा त्याप्रमाणे एकेका इंचाने बदलावा.

हे वाढवण्याचे काम वाटते तितके अवघड नाही. पुढच्या भागाच्या कागदावर छातीचा मध्यबिंदू ठरवून तिथून खाली सरळ घेरापर्यंत, वर तिरकस मुंढ्यापर्यंत आणि बाजूच्या टक्सच्या (गोलाईसाठी कापड चिमटून घातलेल्या निमुळत्या शिलाईच्या) मधोमध अशा रेषा काढाव्यात. मुंढ्याच्या टोकाशी कागद जेमतेम जोडलेला राहील अशा बेताने त्या कापून, मध्यबिंदूपाशी कागद हव्या तेवढ्या अंतराने फाकवावा. फाकवण्याचे अंतर एकूण वाढीच्या निम्मे असते, कारण कागद पुढच्या अर्ध्याच भागाचा असतो. २ इंच वाढवायचे तर १ इंच. फाकवल्यावर बाजूचा टक्स आपोआप मोठा होतो आणि तो मोठा होणेच अपेक्षित आहे, कारण भरलेल्या छातीला गोलाई त्या टक्समुळेच मिळते. मध्याची उभी कड त्यामुळे थोडी वर सरकते. तिची उंची घेराच्या रेषेत आणण्यासाठी खाली तेवढीच कागदी पट्टी जोडावी. प्रिन्सेस कटच्या, म्हणजे टक्सऐवजी छातीवरून जाणाऱ्या उभ्या जोडाच्या, पॅटर्नमध्ये हेच काम बाजूच्या तुकड्याची गोलाई वाढवून होते, आणि म्हणून नवशिक्या व्यक्तीने छातीत फरक करायचा असेल तर प्रिन्सेस कटचाच पॅटर्न आधी घ्यावा, असे मी सुचवेन.

लूज किती आहे ते शोधणे

शिवणक्लासमध्ये आपण छाती ३६ असेल तर लूज मिळवून तिचा चौथा भाग काढायला शिकतो. पॅटर्नमध्ये हा लूज आखणाऱ्याने ठरवलेला असतो, आणि तो किती आहे हे कळल्याशिवाय साइझ पक्की करू नये. चांगल्या पॅटर्नमध्ये अंगाच्या मापांच्या तक्त्याखाली तयार कपड्याच्या मापांचा दुसरा तक्ता दिलेला असतो. दुसऱ्यातून पहिला वजा केला की लूज मिळतो. दोन तक्ते एकाच पानावर असल्यामुळे चुकून कपड्याच्या तक्त्यात अंगाचे माप शोधणे ही चूक फार सहज होते. असे झाले की कपडा एकदम दोन साइझने लहान होतो.

न ताणल्या जाणाऱ्या सुती कापडाच्या कुर्त्याला किंवा फ्रॉकला छातीत ३ ते ४ इंच लूज मला पुरेसा वाटतो. साडीवरच्या ब्लाउजला मात्र एक ते दीड इंच भरपूर होतो, आणि म्हणून परदेशी टॉपचा पॅटर्न घेऊन त्यावरून ब्लाउज शिवायला जाणे हा उलटा घास आहे. सैल, उतरत्या खांद्याच्या टॉपमध्ये ८ किंवा १० इंच लूज मुद्दाम दिलेला असतो. तो पाहून घाबरून लहान साइझ घेतली तर आकार टिकतो, पण पॅटर्नसोबतच्या फोटोतला मोकळेपणा येत नाही. हा निर्णय आवडीचा आहे, पण तो आकडा पाहून घ्यावा, अंदाजाने नव्हे.

मोफत पॅटर्नमध्ये दुसरा तक्ता पुष्कळदा नसतो. मग कागदच मोजायचा. काखेच्या एक इंच खाली पुढच्या भागाची रुंदी मध्यापासून बाजूच्या कडेपर्यंत मोजावी, तशीच मागच्या भागाची मोजावी, आणि दोन्हींतून शिलाईची माया (शिलाईच्या बाहेर सोडलेले कापड), टक्समध्ये जाणारी रुंदी, प्लेट्स आणि बटणपट्टीत एकमेकांवर येणारा भाग वजा करावा. समजा, घडीवर कापायचा पुढचा भाग पावणेअकरा इंच आणि मागचा सवादहा इंच भरला आणि बाजूला अर्धा इंच माया आहे. माया वजा जाता पुढे सवादहा आणि मागे पावणेदहा उरतात, त्यांची बेरीज २०, दुप्पट केली की कपड्याची छाती ४० इंच. अंगाची छाती ३७ असेल तर लूज ३ इंच. कापडाला कात्री लावण्यापूर्वी केलेली ही पाच मिनिटांची बेरीज-वजाबाकी कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक विश्वासाची असते.

आणि इथे मापाच्या कपड्याला त्याचा मान परत द्यावा. कपाटातील सर्वांत नीट बसणारा, त्याच प्रकारच्या कापडाचा कुर्ता काढून त्याची छाती, सीट, खांदा आणि दंडघेर मोजावा आणि कागद मोजून आलेल्या आकड्यांशेजारी लिहावा. कपड्याची तुलना कपड्याशी केली तर मापाचा कुर्ता खोटे बोलत नाही. माझी चूक झाली ती त्याची तुलना अंगाच्या तक्त्याशी केल्यामुळे.

होजिअरी आणि लायक्रा असलेल्या कापडाचे गणित निराळे आहे. तिथे कपडा अंगाच्या मापाइतका किंवा त्याहून लहानही आखलेला असतो, आणि पॅटर्नमध्ये कापड किती टक्के ताणले जावे हे सांगितलेले असते. कापडाची आडवी घडी घालून ४ इंचांवर खुणा कराव्यात आणि जोर न लावता ताणून पाहावे. ५ इंचांपर्यंत गेले तर २५ टक्के, ६ इंचांपर्यंत गेले तर ५० टक्के. पॅटर्न ५० टक्क्यांचा आणि कापड २५ टक्क्यांचे असेल तर साइझ वाढवून भागवू नये, कापड बदलावे.

माया धरलेली आहे की नाही

काही पॅटर्नमध्ये शिलाईची माया धरलेली असते, काहींत नसते. युरोपातील मासिकांच्या पॅटर्नमध्ये ती बहुधा नसतेच. अमेरिकी पॅटर्नमध्ये परंपरेने पाच सूत, म्हणजे ५/८ इंच माया असते, तर नव्या मोफत पॅटर्नमध्ये अर्धा इंच किंवा १ सेंटिमीटरही आढळते. माया नसलेला पॅटर्न तसाच कापून अर्ध्या इंचावर शिवला तर दोन बाजूंच्या शिलायांतच छातीतून २ इंच जातात आणि दोष साइझला लागतो.

आपल्याला बाजूला एक-दीड इंच माया सोडायची सवय असते, कारण अंग भरले की ब्लाउज उसवून मोठा करायचा असतो. ही सवय चांगली आहे. पण जादा माया फक्त बाजूच्या शिलाईला, मागच्या मध्याला आणि बाहीच्या काखेखालच्या लांब जोडाला द्यावी. मुंढ्याच्या आणि गळ्याच्या गोलाईला द्यायची नाही, नाहीतर गोलाई चुकते आणि कापड चुण्यांत ओढले जाते. शिलाईची मूळ रेषा खडूने आखून ठेवावी, कारण कड बदलल्यावर मशीनच्या पट्टीवरील खुणा उपयोगाच्या राहत नाहीत.

दोन साइझच्या मध्ये अडकल्यास

छाती एका ओळीत आणि सीट दुसऱ्या ओळीत बसणे हे अपवादात्मक नाही. एकाच ओळीत तिन्ही आकडे बसणारी व्यक्ती मी तरी क्वचितच पाहिली आहे. खांद्यावरून लोंबणाऱ्या कपड्याची साइझ वरच्या छातीवरून आणि कमरेवरून लोंबणाऱ्या कपड्याची सीटवरून ठरवावी, उरलेला भाग जुळवून घ्यावा. छाती ३६ आणि सीट ४२ असेल तर वर साइझ १४ची रेषा धरावी, कमरेपासून खाली हळूहळू बाहेर जात सीटच्या पातळीवर साइझ १८ची रेषा गाठावी आणि पुढच्या-मागच्या दोन्ही भागांवर हा बदल सारखाच करावा. जोडरेषा फ्रेंच कर्व्हने काढावी. सरळ पट्टीने काढली तर कमरेशी कोपरा दिसतो. साइड कट असलेल्या कुर्त्यात हा बदल टाळूच नये. अनारकली किंवा घेरदार फ्रॉकमध्ये मात्र सीटचा विचारच करायचा नाही.

पँट आणि पलाझोसाठी सीट आधी जुळवावी. कंबर टक्स आणि पट्ट्याने आत घेता येते, पण सीटला कमी पडलेले कापड कुठून आणणार? दोन साइझच्या बरोबर मध्ये माप येत असेल तर लूज जास्त असलेल्या पॅटर्नची लहान आणि लूज कमी असलेल्या पॅटर्नची मोठी साइझ घ्यावी.

उंची ही आपल्याकडे बहुतेकींची अडचण आहे. मोठ्या अमेरिकी कंपन्यांचे स्त्रियांचे पॅटर्न ५ फूट ५ ते ५ फूट ६ इंच उंचीसाठी आखलेले असतात आणि साइझ १४ला पाठीची उंची साडेसोळा इंच धरलेली असते. पाच फूट किंवा एखाद-दोन इंच अधिक उंचीच्या व्यक्तीची पाठ त्याहून इंच-दीड इंचाने आखूड भरू शकते. अशा वेळी फक्त खालचा घेर कापून उपयोग होत नाही, कारण कमरेचा आकार सीटवर उतरलेला असतो आणि छातीखाली कापड फुगते. पॅटर्नवर छाती आणि कंबर यांच्यामध्ये लहान-मोठे करण्याची रेषा आखलेली असते. तिथे कागदाला घडी घालून जेवढे कमी करायचे तेवढे कमी करावे आणि बाजूची रेषा पुन्हा जुळवावी. रेषा नसेल तर मध्याला काटकोनात स्वतः आखावी.

लहान मुलांच्या पॅटर्नमध्ये वय पाहूच नये. युरोपीय पॅटर्नमध्ये मुलांची साइझ म्हणजे उंचीचे सेंटिमीटरच असतात, ११० किंवा ११६, आणि ही पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. रुंदी छातीवरून, लांबी उंचीवरून घ्यावी आणि घेराला दोन इंच दुमड ठेवावी.

छपाईत हरवणारे इंच

सर्व हिशेब बरोबर असूनही कपडा लहान झाला तर संशयित प्रिंटर असतो. अमेरिकी पॅटर्नची पाने लेटर आकाराची, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर असतात. आपल्याकडे ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. छपाईच्या वेळी पान कागदात बसवण्याचा पर्याय चालू असेल तर रुंदी बसवण्यासाठी सगळे चित्र सुमारे ९७ टक्क्यांवर येते, आणि प्रिंटरच्या कडा धरल्या तर त्याहूनही खाली. ४० इंच छातीतून एवढ्यानेच सव्वा इंचाच्या आसपास जातो. म्हणून छापताना १०० टक्के किंवा अ‍ॅक्च्युअल साइझ हाच पर्याय निवडावा. झेरॉक्सच्या दुकानात फाइल व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायची असेल तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी आणि पान बसवून छापू नका, हे छापणाऱ्याला तोंडी सांगावे. नाहीतर तो सवयीने तेच करतो.

आधी फक्त चाचणीचा चौकोन असलेले पान छापावे आणि चौकोन आडवा आणि उभा दोन्ही बाजूंनी मोजावा. चौकोन १० सेंटिमीटरचा असेल तर ३ टक्क्यांची घट ३ मिलिमीटर दिसते आणि लगेच लक्षात येते. तो एकाच इंचाचा असेल तर तीच घट एक मिलिमीटरही भरत नाही आणि डोळ्याला फसवते. तेव्हा पाने जोडून झाल्यावर तयार कपड्याची दिलेली एखादी लांबी, उदाहरणार्थ बाहीची किंवा पूर्ण उंची, कागदावर मोजून पाहावी.

पाने जोडतानाही इंच हरवतात. अर्ध्या भागावरून जाणाऱ्या एका उभ्या जोडात २ मिलिमीटर कागद जास्त चढला तर पुढचे-मागचे मिळून संपूर्ण घेरात ८ मिलिमीटर जातात. पाने खिडकीच्या काचेवर धरून खुणा जुळवाव्यात. पॅटर्नमध्ये ए० आकाराची फाइल दिलेली असेल तर इंजिनीअरिंग किंवा आर्किटेक्चर कॉलेजच्या आसपास नकाशे छापणारी प्लॉटरची दुकाने असतात, तिथून एकच मोठे पान काढून घेणे मला कधीही परवडते. चौकोन मात्र तिथेही मोजायचाच.

फ्रीसूइंगसारख्या मुक्तस्रोत प्रकल्पात साइझ निवडण्याऐवजी आपली मापे भरून पॅटर्न तयार करून घेता येतो. तिथेही अंगाचीच मापे भरायची असतात, लूज वेगळा विचारला जातो. कपड्याचे माप भरले तर लूज दोनदा मोजला जातो आणि माझ्या पहिल्या कुर्त्याची गत होते.

कापड आणि कच्ची शिलाई

सुती कापड, विशेषतः हातमागाचे आणि खादीचे, कापण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करावे. कापड ५ टक्के आटले तर ४० इंचांतले २ इंच जातात, म्हणजे एक पूर्ण साइझ. भिजवलेल्या कापडावर पॅटर्नमधील बाणाची रेषा उभ्या धाग्याला समांतर ठेवावी; कापड वाचवण्यासाठी तुकडा तिरका ठेवला तर तो अंगावर उरेब पट्टीसारखा ताणला जातो आणि माप बदलते.

नवा पॅटर्न पहिल्यांदा चांगल्या कापडावर कापू नये. मांजरपाट, जुनी चादर किंवा तशाच जाडीचे जुने कापड घेऊन फक्त धड आणि एक बाही कापावी, मशीनवर सर्वांत लांब टाक्याने जोडावी आणि अंगात घालून पाहावी. उभे राहून आरशात पाहणे पुरेसे नाही. खुर्चीवर बसावे, हात वर करावेत, वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखे करावे. छातीवर आडव्या सुरकुत्या पडत असतील तर तिथे कमी पडते आहे; काखेपासून छातीकडे तिरकस ओढ दिसत असेल तर टक्स वाढवायला हवा; पाठीवर कमरेच्या वर आडवी घडी पडत असेल तर कपड्याची पाठ लांब आहे. बाही दंडावर अडकत असेल आणि बाकी सगळे नीट असेल तर साइझ बदलू नये, फक्त बाही दंडावर रुंद करावी आणि तिचा वरचा गोलवा मुंढ्यात पुन्हा बसतो का ते टेप उभी धरून मोजावे.

जे बदल पटले ते त्याच दिवशी कागदावर उतरवावेत. मूळ छापलेल्या पानांवर कात्री न चालवता ट्रेसिंग पेपरवर आपली साइझ उतरवून घ्यावी, तिच्यावर पॅटर्नचे नाव, निवडलेली साइझ, केलेले बदल, माप घेतल्याची तारीख आणि त्या दिवसाची छाती-कंबर-सीट लिहून ठेवावी. सहा महिन्यांनी तोच पॅटर्न पुन्हा काढला, तर आधी ती तीन मापे नव्याने घ्यावीत; इंचाहून अधिक फरक दिसला तर ट्रेसिंग पुन्हा करावे, कमी असेल तर बाजूची माया तेवढ्यासाठीच ठेवलेली असते.